आडवे, उभे आणि आक्षेप

माझे सासरे महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला हिशेबतपासनीस काही निवृत्त झाला नाही. ग्वाल्हेरात ज्याला ए.जी. ऑफिस म्हणतात, त्या कचेरीत त्यांनी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारण्यात काढली. पेन्शन सुरू झाली आणि शेरे मारायला बिलेच उरली नाहीत. काही दिवस किराण्याच्या यादीवर भागले. मग मी यादी तोंडी सांगायला लागले. शेवटी घरात शांतता नांदावी म्हणून माझ्या धाकट्या दिराने त्यांना शब्दकोड्याच्या नादी लावले. शांतता नांदली नाही. नई सडकेवरच्या आमच्या माजघरात दर रविवारी कोडे सुटते ते चहा गार व्हायच्या आत, आणि त्याची चौकशी चालते ती पाने वाढेपर्यंत.

वर्तमानपत्रातले साधे कोडे बाबांनी लवकरच नामंजूर केले. 'सूर्य (२)' असे सूत्र होते आणि दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आले 'रवी'. बाबा म्हणाले, "रवी, भानू, मित्र, अर्क. चौघेही दोन घरांत बसतात. चारही उमेदवार पात्र असताना रवीची नेमणूक कोणत्या नियमाखाली झाली?"

तेव्हा दिराने स्वतःच गूढ धर्तीची कोडी रचायला घेतली. यात सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो, उरलेल्या भागात ते उत्तर कसे जुळवायचे याची कृती असते, आणि दोन्ही मिळून असे साळसूद वाक्य होते की वाचणारा भलत्याच गावाला जातो. 'उलटले तरी न बदलणारे गलबत (३)' घ्या. वाचणारा समुद्रात वादळ शोधत बसतो आणि उत्तर असते 'जहाज'. उलटीकडून वाचा, जहाजच.

हा उद्योग मूळचा साहेबाचा. शब्दकोडे जन्मले अमेरिकेत, २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात. आर्थर विन हे त्याचे जनक. पण त्यात पेच घातले ते इंग्रजांनी. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६पासून जो गृहस्थ कोडी घालायचा त्याने टोपणनाव घेतले टॉर्केमाडा. हा स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा मुख्य, लोकांचे हाल करण्यासाठी नावाजलेला. त्याच्या गादीवर आलेला झिमेनेझ, तोही त्याच खात्यातला. १९७२पासूनच्या तिसऱ्याने डेझा नावाच्या अशाच एका अधिकाऱ्याचे नाव उलटे करून 'अझेड' केले. दिराने ही परंपरा मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "निदान धंदा तरी लपवत नाहीत."

पहिली मोठी हरकत निघाली ती 'सुलतान सेनगावात पुरलेला गवई (४)' या सूत्रावर. पहिले दोन शब्द सलग वाचले की त्यांच्या पोटात 'तानसेन' सापडतो. मला तर फारच आवडले. बाबांनी चष्मा पुसला.

"तानसेनाची कबर कुठे?"

"हजिऱ्याला," दीर म्हणाला.

"म्हणजे ग्वाल्हेरात. आणि सेनगाव?"

"हिंगोली जिल्ह्यात."

"मग कबर हलवायची मंजुरी कोणाची?"

'पुरलेला' ही नुसती खूण आहे, शब्दांत शब्द लपलाय एवढेच तिला सांगायचे आहे, असे दीर कळवळून सांगत राहिला. आत्याबाईंचे दुःख वेगळेच होते. गळा गोड व्हावा म्हणून तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खायची इथे रीत आहे आणि आत्याबाईंनी तो लहानपणी मूठमूठ खाल्ला होता. "तरीच," त्या म्हणाल्या. "पाला सेनगावचा खायला हवा होता."

बाबांना गप्प करायला दिराने मग थेट विलायतेतून शास्त्राधार आणला. 'ॲफ्रिट' या नावाने कोडी घालणाऱ्या रिची नावाच्या इंग्रजाने १९४९मध्ये कोडेकारांना एक नियम घालून दिला. कोडेकार वरवर जे बोलतो तेच त्याच्या मनात असले पाहिजे अशी सक्ती नाही. पण जे मनात आहे ते मात्र त्याच्या शब्दांत सापडलेच पाहिजे. बाबांनी नियम दोनदा वाचायला लावला, मान डोलावली आणि त्याचे ए.जी. ऑफिसच्या भाषेत रूपांतर केले: "चकवा चालेल. व्हाउचर पाहिजे."

तेव्हापासून प्रत्येक सूत्राचे व्हाउचर तपासले जाते. 'हात, महसूल, हुकूम (२)' हे बिनतक्रार मंजूर झालेले आमच्या घरातले एकमेव सूत्र. उत्तर 'कर', तिन्ही अर्थ चोख, आणि त्यातला एक तर बाबांच्या खात्याचाच.

उलट 'बायकोच्या पदरी पडलेला विस्कटलेला वानर (३)' या सूत्राने घरात उभी फूट पाडली. उत्तर 'नवरा'. इंग्रजीत अक्षरे सुटी असतात, ती हवी तशी पिसता येतात. आपल्या घरात अक्षर येते ते काना-मात्रेच्या संसारासकट. 'वानर'मधला काना आहे 'व'ला, आणि 'नवरा' करायचा तर तो उचलून 'र'ला द्यावा लागतो. बाबा कडाडले, "काना हा त्या अक्षराचा कायम कर्मचारी आहे. त्याची परस्पर बदली होत नाही!" दिराचे म्हणणे, एवढी ढील दिली नाही तर मराठीत पिसायला शब्दच मिळणार नाहीत. मी सूत्राच्या बाजूने मत दिले, निव्वळ गुणवत्तेवर. आमच्या ह्यांनी पेपरचे पान उलटले.

त्यावर दिराने काना न हलवता सूत्र करून दाखवले: 'पालक फिरले की बडवून घ्यावे ते (३)'. समोरचे कापडवाले भाईसाहब रविवारी चहाला असतातच. मराठी त्यांना समजते, फक्त बोलत नाहीत. ते चटकन म्हणाले, "कपाल!" दीर हरखला. पण बाबांचे बोट वर गेले. मराठी माणूस बडवून घेतो ते कपाळ. 'पालक'च्या 'ल'चा 'ळ' कोणी केला? आणि नुसते कपाल म्हणजे कवटी. ती बडवायची तर आधी मरावे लागेल. भाईसाहब म्हणाले, "बाबूजी, ल और ळ में क्या रखा है?" नई सडकेवर हे वाक्य दिवसातून किती तोंडांतून निघत असेल कोण जाणे. आमच्या घरातली शाळकरी पिढी तर शाळेतून येताना ळ दप्तरात ठेवते आणि घरी आजोबांसमोरच बाहेर काढते.

भाईसाहबांना आपल्या कोड्यात बसवून घेणे तसे अवघडच. एकदा उत्तर होते आपलेच शहर. मराठीत 'ग्वाल्हेर' तीन घरांत आटोपते, त्यांच्या 'ग्वालियर'ला चार लागतात. एकाच रस्त्यावर राहून त्यांचे शहर आमच्यापेक्षा एका घराने मोठे. त्यांनी हे सगळ्या बाजारात सांगितले.

बाबांना आपल्या हरकतींना भक्कम आधार सापडला तो मात्र चक्क सर्वोच्च न्यायालयात. एके काळी शब्दकोड्यांवर बक्षिसांचा धंदा चाले आणि माणसे पैसे भरून उत्तरे धाडत. मुंबई सरकारने १९४८मध्ये कायदा करून लगाम घातला. १९५५च्या केंद्रीय कायद्याने बक्षिसे महिन्याला १,००० रुपयांवर आणि प्रवेशिका २,०००वर जाऊ द्यायच्या नाहीत असे ठरवले. बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार'मधून अशा स्पर्धा चालवणारे चमारबागवाला या कायद्यांविरुद्ध भांडले आणि एप्रिल १९५७मध्ये हरले. आयोजकांनी उत्तर आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेले असे. एका सूत्राला दोन शब्द सारखेच लागू पडत असले तरी बक्षीस पाकिटातल्या शब्दालाच. यात बुद्धीचा संबंध नाही, हा जुगार आहे, असा निवाडा झाला. तो ऐकून बाबा उठून उभे राहिले. "रवी, भानू, मित्र, अर्क! मी काय म्हणत होतो?"

मला त्या निवाड्याचा वेगळाच उपयोग झाला. आमचे हे जेवताना पहिला घास घेतात आणि म्हणतात, "भाजीत काहीतरी कमी आहे." मीठ, तिखट, गूळ, कोथिंबीर, सगळी उत्तरे लागू; खरे उत्तर त्यांच्या मनात मोहोरबंद. पूर्वी मी एकेक डबा पुढे करत बसायचे. आता सांगते, १९५७च्या निकालाप्रमाणे हा जुगार आहे आणि मी त्यात प्रवेशिका भरणार नाही. बाबांनी या बाबतीत प्रथमच सुनेच्या बाजूने शेरा मारला. संसारातली निम्मी भांडणे चकव्यामुळे होत नाहीत, व्हाउचर नसल्यामुळे होतात, हे माझे मत त्यांना तत्त्वतः मान्य आहे.

मागच्या रविवारी दिराने वैतागून सांगून टाकले की यापुढे तो कोडी रचणार नाही. आत्याबाईंनी त्याला जवळ बसवले आणि व्यासांची गोष्ट काढली. गणपतीची अट, लेखणी थांबू देणार नाही. व्यासांची अट, अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. दम खायला सवड हवी म्हणून व्यास मधेमधे कूटश्लोक टाकत गेले. ते ८,८०० आहेत असे म्हणतात. गणपती क्षणभर विचारात पडे, तेवढ्यात व्यासांचे पुढचे श्लोक तयार.

बाबा सावरून बसले. "आठ हजार आठशे? आणि गणपतीने त्यांतल्या किती श्लोकांवर हरकत घेतली?"

"एकावरही नाही, दादा," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला काम होतं. हरकती घ्यायला माणूस पेन्शनीत निघालेला असावा लागतो."