सिंहाला लिफ्ट, भाडेकरूला जिना

प्राचीन रोम म्हटलं की संगमरवरी खांब आणि पांढरी वस्त्रं गुंडाळून भाषणं ठोकणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. हा सगळा सिनेमाचा प्रताप. सामान्य रोमकर भाड्याच्या खोल्यांत, कित्येक मजली इमारतींत राहत, आणि त्यांचं जिणं बघून गिरगावच्या माणसाला आपली चाळच आठवेल. माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे. त्यांच्या आणि आपल्या शहरी संसारात खरा फरक पाडला तो लिफ्टने. बाकीच्या सुधारणा नंतर.

पुराव्याला आधी घरमालक घेऊ. इ.स.पू. 44 मध्ये सिसेरो मित्राला कळवतो की आपली दोन दुकानं कोसळली, उरलेल्यांना तडे गेलेत आणि भाडेकरूच काय, उंदीरही पळाले. वर पुस्ती अशी, की या नुकसानीतूनही फायदा काढायची योजना आखली जातेय. म्हणजे रीडेव्हलपमेंट! पुढे दीडेकशे वर्षांनी उपरोधी कवी ज्युवेनल कुरकुरतो, की अर्धं शहर टेकूंवर उभं आहे आणि मालकाचा माणूस जुन्या भेगा बुजवून सांगतो, झोपा निर्धास्त. झोपणार कसे? ज्युलियस सीझरच्या काळापासून दिवसा बहुतेक गाड्यांना शहरात बंदी, म्हणून रात्रभर चाकांचा खडखडाट. ऑगस्टसने इमारतींची उंची 70 रोमन फुटांवर आणली, ट्रेजनने 60 वर. एकच नियम पुन्हा करावा लागतो, तेव्हा पहिल्याचं काय झालं असेल हे आपल्याला सांगायला नको.

इथवर सगळं ओळखीचं. उलटं होतं ते एवढंच, की पैसेवाला खाली आणि गरीब कौलांखाली. जलसेतू मैलोन्‌मैल पाणी आणत, पण गरिबासाठी ते रस्त्यावरच्या हौदापर्यंतच. वर न्यायचं तर खांद्यावरून. आग लागल्याचं सर्वांत उशिरा कळणार तेही वरच्यालाच. आज मुंबईत बिल्डर दर मजल्यामागे ‘फ्लोअर राइज’ लावतो आणि गिऱ्हाईक हौसेने मोजतं. 1857 साली न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात ओटिसने माणसांची लिफ्ट बसवली, तिथून हा हिशेब फिरू लागला. (पाण्याचा पंप हा तिचा धाकटा भाऊ, त्याला वेगळे गुण देत नाही.)

कुणी म्हणेल, औषधं, वीज, छापखाना यांचं काय? मान्य, देवीची लस तर लिफ्टहून कितीतरी मोठी. पण लस टोचून घेतली की माणूस ती विसरतो, जिना मात्र रोज आठवतो. खरा फरक गुलामगिरीचा होता, हा आक्षेप मात्र जड आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. गंमत अशी, की तो आपल्याला पुन्हा लिफ्टपाशीच आणतो. रोमनांना लिफ्ट ठाऊक होती! कलोसियमच्या तळघरात पिंजरे वर चढवायची यंत्रणा होती. माणसं, बहुधा गुलामच, खाली दांडे ढकलत आणि वर जनावर थेट रिंगणात निघे. म्हणजे अक्कल कमी पडली नव्हती. सिंह वेळेवर वर आला पाहिजे, ही सम्राटाची गरज होती. भाडेकरू पाण्याचा घडा घेऊन कधी पोचतो याची फिकीर कुणालाच नव्हती. ज्या शहरात माणसाचे गुडघे इतके स्वस्त, तिथे त्यांच्यासाठी यंत्र कोण बसवणार?

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव आला, तर तळमजलेवाल्यांनीही कुरकुर न करता हात वर करावा, ही विनंती.