सध्या ग्रँट आहेत

"आमच्याकडे सध्या ग्रँट आहेत," असं काकू फोनवर म्हणाल्या, की घरी पाहुणे आलेत असं समजू नये. काका अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांचं चरित्र वाचताहेत, एवढाच त्याचा अर्थ. रॉन चेर्नोव यांचं हे पुस्तक हजारावर पानांचं आहे, तेव्हा मुक्काम दिवाळीपर्यंत धरायला हरकत नाही.

अमेरिकेत अशी चरित्रं वाचणाऱ्यांचा वर्ग चांगला मोठा आहे. जूनमध्ये फादर्स डे आला की पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी टेबलावर अध्यक्षांची जाडजूड चरित्रं रचून ठेवतात, ती याच मंडळींसाठी. माणूस निवृत्त होतो आणि एके दिवशी ठरवतो, वॉशिंग्टनपासून ओळीने सगळे वाचायचे. आमचे न्यू जर्सीतले काका त्यातलेच, सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून आलेले. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी अध्यक्षांची नावं पाठ केली, तिथेच थांबायला हवं होतं, असं काकूंचं मत आहे. जॅक्सनपर्यंत सगळेच पोचतात. खरी परीक्षा पुढे. १८३७ ते १८६१ या चोवीस वर्षांत आठ अध्यक्ष झाले आणि त्यातल्या बहुतेकांची नावं खुद्द अमेरिकनांनाही सांगता येत नाहीत. इथे भलेभले गळतात आणि गुपचूप लिंकनवर उडी मारतात. काका गळले नाहीत. विल्यम हेन्री हॅरिसन पदावर जेमतेम महिनाभर होते. त्यांचंही चरित्र काकांनी टिपणं काढत वाचलं. आता दुसरं पारायण चालू आहे, लेखक बदलून.

काकांची मतं ठाम असतात, फक्त पुस्तकागणिक बदलतात. डेव्हिड मॅकुलोंचं 'जॉन ॲडम्स' हातात होतं तेव्हा ॲडम्सना अहोजाहो आणि जेफरसनला अरेतुरे. "इतका सरळ माणूस! आणि हा जेफरसन त्यांचा उपाध्यक्ष असून कॅलेंडर नावाच्या पत्रकाराला पैसे चारतो, त्यांच्याविरुद्ध लिहायला!" पुढे जेफरसनची पाळी आली. "टीका केली म्हणून संपादकांना तुरुंगात घालणारा तो ॲडम्स. १७९८ चा कायदा वाच, म्हणजे कळेल." ड्यूमास मलोन यांचे सहाच्या सहा खंड जेफरसन 'ते' राहिले. मग मुलीने ॲनेट गॉर्डन-रीड यांचं हेमिंग्ज कुटुंबावरचं पुस्तक आणून दिलं. जेफरसनच्या घरातल्या ज्या गुलाम स्त्रीशी त्याचा संबंध मलोननी साफ नाकारला होता, त्या सॅली हेमिंग्जच्या घराण्याचा तो इतिहास. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भडकले, ते जेफरसनवर नव्हे, मलोनवर. "सहा खंड लिहिले या माणसाने, आणि घरातलं दिसलं नाही?"

मला हे या जातीचं खरं लक्षण वाटतं. अध्यक्षाने लढाई हरावी, मंत्र्यांनी तिजोरी धुवावी, सगळं समजून घेतलं जातं. चरित्रकाराची लबाडी मात्र खपत नाही. एडमंड मॉरिस यांना रेगननी व्हाइट हाउसची दारं उघडून दिली, आणि १९९९ मध्ये पुस्तक आलं तर मॉरिसनी त्यात स्वतःलाच रेगनचा समवयस्क म्हणून, न घडलेल्या आयुष्यासकट, घुसवलेलं. काकांनी ते कपाटात नाव आत करून ठेवलंय. "कादंबरी लिहायची तर तसं सांगून लिहा ना!"

काकू कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "'स्वामी' वाचून डोळे पुसत होतात, तेव्हा रणजित देसाई काय पेशव्यांच्या पलंगाखाली बसून टिपणं घेत होते?"

"ते वेगळं," काका म्हणाले. कसं वेगळं, ते अजून सांगितलेलं नाही.

दैवत एकच, रॉबर्ट कॅरो. लिंडन जॉन्सनवरचा त्यांचा पहिला खंड १९८२ मध्ये आला, चौथा २०१२ मध्ये, आणि पाचव्याची वाट पाहण्यात काकांचं म्हातारपण सार्थकी लागतंय. कॅरोंचा जन्म १९३५ चा. ते अजून टाइपरायटरवर लिहितात याचं काकांना कौतुक आहे आणि धास्तीही. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी चुकेल, पण कॅरोंची तब्येत कशी आहे याची चौकशी चुकत नाही. दुसऱ्या खंडातली १९४८ ची निवडणूक त्यांना तोंडपाठ आहे: जॉन्सन ८७ मतांनी आले, आणि टेक्सासमधल्या एका पेटीतल्या यादीत मागाहून दोनशेवर नावं चढली होती, एकाच शाईत, वर्णानुक्रमाने. हे वाचल्यापासून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीचा निकाल लागला की काका हजेरीपट घेऊन दिव्याखाली बसतात. खजिनदारांनी एकदा वैतागून विचारलं, "काय शोधताय?" "शाई," काका म्हणाले. तरी कॅरोंनाही ते सोडत नाहीत. जॉन्सनचा प्रतिस्पर्धी कोक स्टीव्हन्सन वर्णभेद मानणारा, त्याला कॅरोंनी जवळजवळ संत करून टाकलं, हे काही बरोबर नाही, असं ते म्हणतात; पण हळू आवाजात, आणि बाहेरच्यांसमोर नाही.

आजच्या राजकारणावरून मुलं जेवणाच्या टेबलावर हमरीतुमरीवर आली तर काका शांतपणे ताक पितात. "कागदपत्रं खुली होऊ देत. पन्नास वर्षांनी बोलू."

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि आउटलेट मॉल बघायचा असतो. काका गाडी प्रिन्स्टनच्या दफनभूमीकडे वळवतात. तिथे ग्रोव्हर क्लीव्हलंड आहेत, न्यू जर्सीतच जन्मलेले एकमेव अध्यक्ष. गेल्या खेपेला मेव्हण्यांना उन्हात उभं करून काकांनी १८९३ सालची ती शस्त्रक्रिया ऐकवली: अध्यक्षांच्या जबड्यात गाठ, बाजार कोसळलेला, म्हणून देशाला पत्ता न लागू देता एका खासगी बोटीवर टाळूचा तुकडा काढला. मेव्हणे कॅप नीट करत म्हणाले, "पण यांनी विशेष काय केलं?"

"१८८८ मध्ये पडले आणि १८९२ मध्ये परत निवडून आले!"

"त्यात काय? आमच्या प्रभागातला नगरसेवक दोनदा पडून परत आलाय. त्याचं चरित्र कोण लिहितंय?"

काका थबकले. खिशातली वही काढत म्हणाले, "पत्रव्यवहार जपून ठेवलाय का त्यांनी?"