बेवारस

वर्षाचे दिवस ३६५, लीप वर्षाचे ३६६. पण वर्ष कुठलंही असो, आमची गाडी रस्ता ओलांडते ती बरोबर ३५८ वेळा. हा हिशेब मी एका मध्यरात्री, डिकीला पाठ लावून, धाप लागलेली असताना केला आहे. पंचांगकर्त्यांनी खुशाल पडताळून पाहावा.

सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत सम-विषम पार्किंग आहे. विषम तारखेला आमच्या बाजूला, सम तारखेला समोर. धडधाकट गाडीवाल्याला यात काही विशेष वाटत नाही. किल्ली फिरवली, गाडी पलीकडे लावली, झोपला. आमची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मात्र चालू नाही. म्हणजे बंद आहे असंही नाही. तिचं काम चालू आहे. ते २०११ पासून चालू आहे. त्यामुळे रोज रात्री पावणेबाराला तिला ढकलत पलीकडे न्यावं लागतं. ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणून त्या रात्री सुट्टी. अशा सुट्ट्या वर्षातून सात. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर १ मार्च, म्हणजे आठवी मिळते. पण मुळात दिवसही एक वाढलेला असतो, त्यामुळे बेरीज पुन्हा ३५८ वरच. पोप ग्रेगरीने १५८२ साली कॅलेंडर सुधारलं म्हणतात. आमच्या दृष्टीने काहीही सुधारलेलं नाही.

ही गाडी बाबांची. नंबर लावून गाडीची वाट बघण्याच्या काळात घेतलेली. चार गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढची सीट अखंड, त्यामुळे दोघांच्या मध्ये तिसरा मावायचा. तो तिसरा मी. २०११ मध्ये बाबा गेले आणि त्याच पावसाळ्यात गाडीही बसली. विकायचा विषय घरात कुणी काढला नाही. मी म्हणालो, दोन महिन्यांत करून घेतो.

इंजिन उतरवलं तेव्हा लक्षात आलं की सुटे भाग मिळत नाहीत. बुधवार-रविवार जुना बाजार पालथा घातला, नाना पेठेतली दुकानं झाली. शेवटी आमच्या मिस्त्रींनी कानमंत्र दिला: "साहेब, पार्ट शोधत बसू नका. एक पडीक गाडीच उचला." ती सांगलीला मिळाली. आणली, धुतली, आणि घात झाला. तिचा पत्रा बाबांच्या गाडीपेक्षा चांगला निघाला. बाबांच्या गाडीच्या तळाला नुसती लांबी भरलेली, टाचणी टोचली तरी आत जाईल अशी. आणि ही मात्र ठणठणीत. अशा गाडीचे भाग काढायचे म्हणजे हिंडत्याफिरत्या माणसाला देहदानाचा फॉर्म भरायला लावण्यासारखं. म्हणून दोघींना भाग पुरवायला तिसरी घेतली. ती वाईला, मेहुण्याच्या गोठ्यात आहे. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात आणि मेहुणा त्यांतली अर्धी आम्हाला पाठवतो, एवढाच त्या गुंतवणुकीचा आजवरचा परतावा.

"एक वाटी हरवली म्हणून कुणी अख्खा डिनर सेट घेतं का?" बायकोने विचारलं.

"घेतं," आई आतून म्हणाली. आईच्या फडताळात अशा अडीच सेटांचे अवशेष आहेत.

आता जागेचं सांगतो. सोसायटीत सदनिकेमागे जागा एक. उपविधीच तसे आहेत: सदस्याला एक जागा, उरलीच तर दुसरी, तीही वर्षाच्या बोलीवर. आणि पुण्यात पार्किंग कधी उरतं का? माझ्या ताब्यात वाहनं तीन: बायकोची वॅगनआर, बाबांची पद्मिनी आणि सांगलीची पद्मिनी. तर्काने विचार करा. बाबांच्या गाडीला चाकं आहेत, म्हणजे ती रस्त्यावर राहू शकते. सांगलीची घोड्यांवर उभी आहे, तिला चाकंच नाहीत, म्हणजे ती हलूच शकत नाही. त्यामुळे छपराखालची जागा तिला. राहिली वॅगनआर. या घरातलं एकमेव चालतं वाहन मी महिना भाड्याने, दोन पेठा पलीकडे, एका गोडाऊनच्या आवारात ठेवलंय. बायको सकाळी रिक्षा करून गाडीपर्यंत जाते. रिक्षावाला एकदा म्हणाला, "ताई, ऑफिसलाच सोडतो की." त्यानंतर दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.

सेक्रेटरीसाहेबांचं पत्र आलं: पार्किंग वाहनासाठी आहे, अडगळीसाठी नाही, सबब सदर वस्तू हलवावी. मला 'वस्तू' लागलं. मी मोटार वाहन कायदा, १९८८ काढून बसलो. त्यात वाहनाची व्याख्या इतकी उदार आहे की वाचून भरून येतं. जिच्यावर अजून बॉडी बसवलेली नाही अशी नुसती चासीसुद्धा कायद्याच्या लेखी वाहन आहे! वाहन नाही ते कोणतं? तर चारपेक्षा कमी चाकं आणि इंजिन २५ सीसीपर्यंतचं, असं काही असेल तर ते. माझ्याकडे चाकं शून्य, हे मान्य. पण इंजिन १०८९ सीसी. ते सध्या बाल्कनीत तुळशीशेजारी चादरीखाली आहे, हा तपशील कायदा विचारत नाही. हे सगळं मी उत्तरात लिहिलं. तेव्हापासून सेक्रेटरीसाहेब जिन्यात भेटले की मोबाइलकडे बघतात.

रात्रीच्या ढकलगाडीला मनुष्यबळ मात्र उत्तम आहे, आणि ते पेठेचे उपकार. आमच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहणारी, एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं आहेत. अभ्यासिकेतून ती रात्री चहाला बाहेर पडतात ती नेमकी पावणेबाराच्या सुमारास. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. आधी पुढे तिरकी, मग मागे तिरकी, हँडब्रेक नाही म्हणून शेवटी चाकाखाली वीट. चौघं लावली की तीन मिनिटांत काम होतं. पोरं ढकलताना उजळणी करतात.

"प्रीमियर ऑटोमोबाइल्स?"

"एकोणीसशे चव्वेचाळीस. वालचंद हिराचंद."

"त्यांचं अजून काय?"

"सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, १९१९. बंगळुरूचा विमान कारखाना, १९४०."

जहाज, विमान आणि मोटार, तिन्हींत हात घालणारा हा सोलापूरचा माणूस. त्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी सदाशिव पेठेत हाताने ढकलताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. एक मुलगा मागच्या वर्षी तहसीलदार झाला. पेढे द्यायला आला तेव्हा त्याने आधी गाडीच्या डिकीवर हात ठेवला, मग माझ्या पाया पडला.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी पुढच्या काचेवर कागद चिकटलेला दिसला. 'बेवारस वाहन. सात दिवसांत न हलविल्यास उचलण्यात येईल.' रोज रात्री न चुकता हलवलेल्या गाडीला हे! बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही ते. वारस खिडकीत दात घासत उभा होता.

पुन्हा कायदा काढला. कलम १२७: सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेलं, वा ज्याच्याजवळ कुणी नाही असं वाहन हटवता येतं. म्हणजे मुद्दा गाडी चालते की नाही हा नाहीच. दहा तासांच्या आत तिच्याजवळ कुणीतरी असलं पाहिजे. निदान मी तरी त्याचा अर्थ असा लावला; वकिलाला विचारलं नाही, कारण तो नको ते सांगतो. मी घरच्या ग्रुपवर, गाडीत कुणी कधी बसायचं याचं वेळापत्रक लावलं. मुलाने ते न वाचता लाइक केलं. बायकोने वाचलं, लाइक केलं नाही.

आई तेवढी म्हणाली, "मी बसेन की." आई एकोणऐंशीची आहे. तेव्हापासून ती दुपारी परात घेऊन खाली येते आणि पुढच्या सीटवर, डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी बसून मेथी निवडते. तिकोनी काच उघडते, वारा येतो. कधी वरच्या मजल्यावरच्या काकू पण येऊन बसतात, मग मध्ये लसूण. गाडीत आता पेट्रोलचा वास येत नाही, फोडणीच्या आधीचा येतो.

एकदा वाहतूक हवालदार आला. मी आडोशाला उभा राहून ऐकत होतो.

"आजी, गाडी काढा इथून. आज सम तारीख."

"काढतो हं," आई म्हणाली. "हे आले की काढतो."

तो बिचारा दहा मिनिटं थांबला. मग आईने त्याला मेथीची एक जुडी दिली आणि तो गेला. त्या दिवशी मुलांची परीक्षा होती, म्हणून आदल्या रात्री ढकलायचं राहिलं होतं, त्यामुळे चूक आमचीच होती.

आता यातून बाहेर पडायचा सन्मार्ग एकच, आणि तो सरकारनेच २०२१ मध्ये दाखवलाय. पन्नास वर्षांवरची गाडी 'विंटेज' धरली जाते. तिला नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी. अट अशी की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला न काढण्याचा नियम आमची गाडी २०११ पासून पाळते आहे. दुसरी अट जरा अवघड: चासी, बॉडी, इंजिन मूळचं असलं पाहिजे. म्हणजे सांगलीच्या पत्र्याला हात लावायचा नाही, वाईच्या इंजिनालाही नाही. थोडक्यात, ज्या दोन गाड्या मी भागांसाठी घेतल्या, त्यांचे हे मोठे भाग लावले तर गाडी बाद, आणि नाही लावले तर ती चालू होणार नाही. साध्या नोंदणीचं शेवटचं नूतनीकरण बाबांनी केलं होतं. पुढचं कधी, ते विचारू नका.

१९७८ अधिक पन्नास म्हणजे २०२८. तोवर ती बेवारस. मग एका सकाळी तीच गाडी, त्याच गंजासकट, वारसा होईल. तोवर कसंही करून ढकलत राहायचं आहे.

आज ३० तारीख आहे आणि हा महिना एकतीसचा. आज रात्री एकदा ढकलली की उद्या रात्री सुट्टी. त्यानंतरची फेरी १ तारखेच्या रात्री पावणेबाराला, आणि मुलांची पूर्वपरीक्षा जवळ आल्यामुळे दोन माणसं कमी आहेत. वाचकांपैकी कुणी पेठेच्या आसपास राहत असेल तर जरूर यावं. चहा आमच्याकडे. येताना चपला नकोत, बूट घालून या.