आगीचा बंब, आमचा बंब

न्यू जर्सीला मुलाकडे पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या हिने आमटीला फोडणी दिली आणि छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं. अख्खी इमारत खाली उतरली. एक गृहस्थ तर टॉवेलवर. लालभडक गाडी आली, आणि सहाफुटी जवानाने हेल्मेटसकट आमच्या कढईत डोकावून पाहिलं. आत मोहरी, हिंग आणि दोन सुक्या मिरच्या. तो शिंकला आणि गेला.

पुढच्या शनिवारी मुलाने आम्हाला मॅनहॅटनच्या स्प्रिंग स्ट्रीटवरच्या अग्निशमन संग्रहालयात नेलं. प्रायश्चित्त असावं. १९०४ सालचं हे अग्निशमन केंद्र. एके काळी इथे इंजिन कंपनी ३० चा मुक्काम असे.

आत चामड्याच्या जुन्या बादल्या होत्या, वर रंगवलेली नावं. आग लागली की लोक रांग धरून हातोहात पाणी पोचवत आणि विझली की नाव वाचून आपापली बादली घरी नेत. ही खुललीच. "अहो, म्हणजे आपण भांड्यांवर नावं घालतो तसंच की!" आमच्या मांडणीवरच्या निम्म्या भांड्यांवर शेजाऱ्यांची नावं आहेत, हे मी तिथे काढलं नाही.

१८६५ पर्यंत न्यूयॉर्कच्या आगी स्वयंसेवकांच्या तुकड्या विझवायच्या. पण पाण्याच्या नळावर आधी हक्क कोणाचा, यावरून त्यांचीच जुंपायची आणि घर निवांत जळत राहायचं. पुढे भ्रष्टाचारापायी तुरुंगात गेलेला पुढारी बॉस ट्वीड अशाच एका तुकडीचा म्होरक्या. तुकडीचं चिन्ह वाघ! विसर्जन मिरवणुकीत आधी गणपती कोणाचा, हे भांडण जन्मभर पाहिलेल्या पुणेकराला परदेशात एकदम घरच्यासारखं वाटलं.

११ सप्टेंबर २००१ ला गेलेल्या ३४३ जवानांचं स्मारकही तिथेच होतं. तिथे आम्ही देवळात चपला काढून उभं राहावं तसे उभे राहिलो. ही बराच वेळ बोलली नाही.

बोलली ती एकदम वाफेच्या इंजिनापुढे. "अगंबाई, हा तर आपला न्हाणीघरातला बंब!" खरंच, तीच गोल टाकी, तेच धुराडं, फक्त याला चाकं आणि ओढायला घोडे. आगीच्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो, ते साठीनंतर डोळ्यांना पटलं. निवृत्त जवान वाटावेत असे एक आजोबा माहिती सांगत होते: खाली कोळसा पेटवायचा, वाफ झाली की त्या जोरावर पंप चालायचा. ऐनवेळी खोळंबा नको म्हणून केंद्रात असतानाही टाकीतलं पाणी तापतं ठेवायचे.

"म्हणजे आग विझवायला हे आधी आग पेटवणार, गावभर धूर करत जाणार," ही म्हणाली, "आणि माझ्या चमचाभर मोहरीवर किंचाळणार! विचार त्यांना."

मुलाने भाषांतराला साफ नकार दिला. शेवटी तडजोड म्हणून, हे पितळ कशाने घासता, एवढंच विचारलं. आजोबांनी कसल्याशा पॉलिशचं नाव सांगितलं. हिने नाक मुरडलं. "चिंच म्हणावं. चिंच आणि मीठ."

आजोबांनी खिशातून पेन काढलं आणि स्पेलिंग विचारलं.