बाबांच्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा

बाबांच्या वहीला अजून सरकीचा वास येतो. घाटंजीच्या आमच्या घरात हंगामात कापूस जमिनीपासून आढ्यापर्यंत चढत जाई, आम्ही पोरं त्यावर लोळून, अंग खाजवत, तिथंच झोपी जात असू आणि ही वही त्या पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी पडलेली असे. दर आठवड्याला बाबा तीत क्विंटलचा भाव मांडत. घरात विकायला कापूस असो-नसो, मांडत. तुळशीपुढे दिवा लावावा तसं. 1972 च्या सुमारास राज्यात एकाधिकार खरेदी आली, तेव्हापासून भाव सरकार सांगे. त्यामुळे वहीची जुनी पानं निवांत आहेत, एका आकड्यावर अख्खा हंगाम टेकून बसलेला. पुढं बाजार मोकळा झाला आणि बाबांचं अक्षरही धावरं झालं.

मागच्या उन्हाळ्यात, बाहेर काहिली आणि कूलरमधलं पाणी आटलेलं, अशा दुपारी मी ते सगळे आकडे संगणकात भरले. एका ओळीत एक भाव. त्यातला सगळ्यात मोठा हुडकायला लिनक्सवर फार खटपट नाही. ‘सॉर्ट’नं ओळी चढत्या क्रमानं लावायच्या, मधे एक उभी दांडी द्यायची आणि ‘टेल’नं शेवटची ओळ उचलायची. एंटर मारलं. उत्तर आलं, 980.

मी चष्मा पुसला. 2022 च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांवर गेला होता, लांब धाग्याचा हमीभाव 6,025 असताना! तो 10300 तर मीच टाइप केलेला. शोधला, तर बिचारा पहिल्याच ओळीत, सगळ्यांत धाकटा म्हणून, 480 च्याही अलीकडे बसला होता. झालं होतं असं, की नुसत्या ‘सॉर्ट’ला आकडा हे एक नावच वाटतं. शाळेत कवायतीला उंचीनं उभं करतात आणि हजेरी मात्र नावानं घेतात. यानं हजेरी घेतली. नवानं सुरू होणारा थोर, एकानं सुरू होणारा कितीही लांबलचक असला तरी धाकटा. रागावण्यात अर्थ नव्हता. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्सची ही हत्यारं घडली तीच मुळी सगळ्या जगाकडे मजकूर म्हणून बघणारी. ‘सॉर्ट’पुढे ‘उणे एन’ एवढं जोडलं, की त्याला आकड्यांची उंची दिसू लागते. मग तोही मुकाट्यानं 10300 म्हणाला.

बाबा बाजेवर पडून ऐकत होते.

“काय म्हन्ते तुही मशीन?”

“आधी चुकली, बाबा. म्हणे, 980 सगळ्यात मोठा.”

“चुकली कशी? त्या साली घरावर पत्रे आले. तुह्या मायच्या पाटल्या झाल्या.”

“अन् हा दहा हजारवाला?”

बाबा पंख्याकडे बघत राहिले. “तवा घरात कापूस होता कुठी? दिवाळीलेच देऊन टाकला होता.”

मी वही आणून पाहिली. 980 च्या पुढे निळ्या शाईत ‘पत्रे, 22 नग’ असं लिहिलेलं आहे. 10300 च्या पुढची जागा कोरी आहे.