पाच रुपयांत बसेल ते बोला

शाळेतलं खाणं पौष्टिक करायचा धंदा काढायचाय? उत्तम. मग लॅपटॉप मिटा आणि वऱ्हाडात परतवाड्यातल्या कुठल्याही शाळेसमोर मधल्या सुट्टीत उभे राहा.

दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. लाल, पिवळे, हिरवे. लेकरू धावत येतं, पाचचं नाणं ठेवतं, पुडा ओढतं, दातानं फाडतं आणि वळतं. घासाघीस नाही, उधारी नाही. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात.

तुमची स्पर्धा या पुड्याशी आहे.

मोठ्या शहरांत या विषयाचा उत्साह दांडगा. ॲप काढायचं, महिन्याची वर्गणी ठेवायची, परदेशी दाण्यांची कोशिंबीर सुबक डब्यात घालून शाळेत पोचवायची. पोचवा बापडे. पण ज्या घरातून अशी वर्गणी भरली जाते, त्या घरातलं मूल कालही उपाशी नव्हतं. ज्याला गरज आहे त्याच्या खिशात पाचाचं नाणं आहे. त्याच्यासाठी तुमच्या सादरीकरणात एक तरी पान आहे का?

परतवाड्याच्या अचलपूर तालुक्यात संत्र्याची तोड आणि कपाशीची वेचणी सुरू झाली की आई-बाप दोघंही दिवस उगवायच्या आत घराबाहेर पडतात. डबा राहतो. त्याची भरपाई म्हणून लेकराच्या हातावर पाच रुपये ठेवले जातात. मग पालकसभेत त्याच आईला पौष्टिक आहारावर भाषण ऐकवायचं. तिला काय कळत नाही? फल्ली-गूळ चांगला की तेलकट पोंगे, हे तिला वक्त्यापेक्षा बरं कळतं.

तिला वेळ विकत घेता येत नाही. पुडा घेता येतो.

आता कुणीतरी म्हणेल, नियम आहेत ना. आहेत. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार केलं. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये आणखी पुढे जाऊन शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला मनाई केली. कागद पक्का आहे. पण परतवाड्यातल्या किती शाळांना उपाहारगृह आहे? आणि ५० मीटर म्हणजे लेकराची शंभरेक पावलं. मधल्या सुट्टीत ती दोनदा होतात.

शिवाय पुडा काढला तर त्या जागी काय ठेवणार? पाच रुपयांत काय बसेल, याचं उत्तर मनाईच्या कागदात नाही. धंद्याची जागा नेमकी तिथे रिकामी आहे.

त्याआधी सरकारी ताट बघू. कारण शाळेतल्या जेवणाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सरकारच आहे. मध्यान्ह भोजनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा मुलांना कोरडे तांदूळ घरी न्यायला मिळायचे. शिजवून वाढा, हे सर्वोच्च न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात सांगावं लागलं. आता योजनेचं नाव पीएम पोषण. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं द्यायची. धान्य सरकार वेगळं पुरवतं. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर आहे लहान मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे.

जयस्तंभ चौकात ६ रुपये ७८ पैशांत काय मिळतं? कटिंग चहाला चिल्लर शोधावी लागेल.

याहीपेक्षा कमी पैशांत राज्याने जून २०२४ मध्ये पंधरा पाककृती जाहीर केल्या. मोड आलेली मटकी, मुगाची खिचडी, शेवग्याचं वरण, अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व. यादी खरंच चांगली होती. कुणीतरी विचार करून बसवलेली. जानेवारी २०२५ मध्ये आदेश बदलला. अंडा पुलाव, खीर आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक झाले. करायचेच असतील तर जास्तीचा खर्च लोकसहभागातून उभा करा!

लोकसहभाग म्हणजे कोण? तीच आई. तिच्याकडे तेच पाच रुपये.

परतवाड्याहून घाट चढलात की मेळघाट. तिथली गोष्ट आणखी जिव्हारी लागते. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चारदा अंडं द्यायचं ठरलं आहे. शाकाहारी मुलांना केळी. कोरकूंचं लेकरू सहा वर्षांचं झालं, पहिलीत गेलं, की ते अंडं ऐच्छिक होतं. सहाव्या वाढदिवसाला शरीराची गरज बदलते का? खातं बदलतं. अंगणवाडी महिला व बालविकासाची, शाळा शिक्षण विभागाची. तमिळनाडूत शाळेच्या दिवशी रोज अंडं वाढतात. त्यांच्या कोंबड्या वेगळ्या नाहीत.

आणि हे ताट शिजवतं कोण? गावातलीच ताई. महिन्याला २५०० रुपये मानधन, तेही वर्षातले दहा महिने. दिवसाला शंभरेक रुपये. तिने तांदूळ निवडायचे, भाजी चिरायची, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. पोषणमूल्य सांभाळायची जबाबदारीही तिच्यावरच. वेचणीला गेली तर तिला यापेक्षा जास्त मिळतं. तरी ती शाळेत येते. या देशातली सर्वांत स्वस्त आहारतज्ज्ञ परतवाड्याच्या आसपास चुलीपुढे बसलेली आहे आणि धंद्याची कल्पना शोधणारे तिला विचारतही नाहीत.

शहरी भागात तर केंद्रीय स्वयंपाकगृहं आणली. एका ठिकाणी शिजवायचं, गाडीने वाटायचं. कारभार सोपा होतो, हे मान्य. पण सकाळी शिजलेली खिचडी दुपारी मुलाच्या ताटात पडते तेव्हा तिचा गोळा झालेला असतो. बचत गटाचं काम जातं ते वेगळंच.

आता धंद्याचं बोलू. कुठल्याही व्यवस्थापन शाळेत न जाता.

वऱ्हाड म्हणजे तूर, हरभरा आणि सोयाबीन. अकोल्यात दाल मिल आहेत. अंजनगाव सुर्जीकडे केळी आहे. अचलपूर-चांदूर बाजारात संत्रा आहे. प्रथिनं आणि जीवनसत्त्वं इथूनच पोत्यांनी आणि क्रेटांनी बाहेरगावी जातात, आणि त्याच गाड्या परतताना पुड्यांच्या माळा घेऊन येतात. कसला हा व्यापार?

हिशोब मांडा. २० ग्रॅम फुटाणे, ८ ग्रॅम भाजलेली फल्ली, ५ ग्रॅम गूळ. फुटाणे किलोला १२० रुपये, फल्ली १३० आणि गूळ ५० धरा. कच्चा माल झाला ३ रुपये ७० पैसे. त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. म्हणजे लहान मुलाच्या सरकारी ताटातल्या उद्दिष्टाचा निम्मा भाग एका मुठीत. पण पाकीट, मजुरी आणि दुकानदार यांना मिळून उरतो फक्त १ रुपया ३० पैसे. दुकानदार म्हणेल, मला यात काय? बरोबर म्हणेल. लोंबत्या माळेवर त्याला ठरलेली कमाई आहे, घरपोच माल आहे.

मग फुटाणे बाजारातून का घ्यायचे? हरभऱ्याचा २०२५-२६ च्या पणन हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५६५० रुपये होता. किलोला साडेछप्पन. बचत गटाने हंगामात शेतकऱ्याकडून थेट घेतला, इथेच भट्टीवर भाजला, घट आणि भाजणी धरून किलो ७५ ला पडला, तर तोच पुडा २ रुपये ८० पैशांत तयार होतो. दोन रुपये वीस पैसे हातात. आता दुकानदार ऐकेल.

एवढं सोपं आहे तर होत का नाही?

कारण हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि तो वर्षभराचा घेऊन ठेवायचा तर रोकड लागते. अन्न प्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे, यंत्रांना ३५ टक्के अनुदानही आहे. कागदावर पुन्हा सगळं पक्कं. पण यंत्र घेतलं आणि माल खपला नाही, तर हप्ता कोण भरणार? गटातल्या बायका हा प्रश्न बँकेच्या साहेबाआधी स्वतःला विचारतात. म्हणून त्या पापडावर थांबतात.

त्यांना हवा पक्का गिऱ्हाईक. तो शाळेतच बसलेला आहे.

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा पूरक आहार द्यायचा असतो. केळी, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. तो कुठून घ्यायचा? ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला. शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून जाणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के स्थानिक कुटुंबशेतीच्या मालावर खर्च झालेच पाहिजेत, असं त्यात ठरवलं होतं. तिथे शेतकरी आधी विक्री बघतो आणि मग पेरतो. आपण आधी पेरतो आणि मग आंदोलन करतो.

ब्राझील लांब वाटतं? पंजाब घ्या. २०२४ मध्ये त्यांनी शाळेत आठवड्याला केळं सुरू केलं. किन्नू पिकवणारे शेतकरी संतापले, आमचं फळ घरात आणि केळी बाहेरून का? सरकारने ऐकलं. किन्नूसारखी स्थानिक हंगामी फळं ताटात आली. आणि आमचा संत्रा? बांगलादेशाने आयात शुल्क किलोला ८८ रुपयांच्या घरात नेलं, तेव्हा २०२३ मध्ये इथल्या बागायतदारांनी भाव कोसळताना पाहिला. सरकार निर्यातीला अनुदान द्यायला धावलं. व्यापारी नाकारतो तो बारका संत्रा शेजारच्या शाळेत पाठवावा, हे कुणाला सुचलं? आंबिया बहर दिवाळीच्या मागेपुढे, मृग बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळा शाळा चालू असते. लेकराला बारका संत्रा चालतो. त्याची मूठही बारकीच आहे.

मात्र एक अट. पैसे वेळेवर. शाळेला भाजी-इंधनाचे पैसे उशिरा आले की मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भागवतात, किराणावाल्याला हात जोडतात. गट हात जोडून किती दिवस हरभरा आणणार? मोठा ठेकेदार तीन महिने थांबू शकतो, म्हणून टेंडर त्याला मिळतं. पौष्टिकतेशी त्याचा संबंध नाही. ज्याला थांबणं परवडतं तोच लेकरांना काय खायला मिळेल ते ठरवतो.

तेव्हा नव्या कल्पनेच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनो, परतवाड्यासाठी बक्षीस ठेवायचं असेल तर तीन गोष्टींना ठेवा. पंधरा दिवसांत बिल देणाऱ्या शाळेला. पूरक आहार तालुक्यातूनच घेणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्याला. आणि माळेच्या शेजारी फुटाण्याची बरणी दिसेल अशी ठेवणाऱ्या दुकानदाराला.

हरभरा फेब्रुवारीत निघायला लागेल. गटांच्या खात्यात भांडवल जानेवारीत पडायला हवं. जिल्हा परिषदेत ही फाइल सध्या कुणाच्या टेबलावर आहे?