वहिनींचं हवामान

घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट जाहीर झाला की आमच्या घरात पोरं शाळेला सुट्टी आहे का ते बघतात, आई दोरीवरचे कपडे बघते आणि वहिनी सायकलच्या चेनला तेल द्यायला बसतात. रेड अलर्ट असेल तर तेल देता देता गुणगुणतात.

वहिनी बँकेत आहेत. वय विचारायची सोय नाही; रेसच्या फॉर्मवर 'चाळीस वर्षांवरील' एवढंच असतं आणि तेवढंच आम्हाला ठाऊक आहे. रविवारच्या हौशी रोड रेसमध्ये महिला गटात त्या न चुकता उतरतात. कोरड्या रस्त्यावर त्यांचा नंबर नववा नाहीतर दहावा. चढाला एखादी विशीतली पोरगी शेजारून 'हाय काकू' म्हणून निघून जाते आणि वळणापलीकडं दिसेनाशी होते. वहिनी यावर चिडत नाहीत. त्या पावसाळ्याची वाट बघतात.

कारण त्यांचा सिद्धान्त असा, की सायकलची शर्यत निम्मी अंथरुणातच लागते. पहाटे साडेचारला गजर होतो, पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत असतो आणि नाव नोंदवलेल्या निम्म्या जणी कूस बदलून झोपतात. निकालाच्या कागदावर त्यांच्यापुढं 'डीएनएस' लागतं, म्हणजे सुरूच केली नाही. उरलेल्यांतल्या काही घाटात धुकं बघून मागून येणाऱ्या गाडीत बसतात. त्या 'डीएनएफ', म्हणजे पुरी केली नाही. या दोन याद्या जेवढ्या लांब, तेवढ्या वहिनी वर. "भाऊजी, मला कुणाला हरवायचं नसतं," त्या म्हणतात, "मी फक्त हजर राहते." आयुष्यात पुढं गेलेली निम्मी माणसं याच वाटेनं गेली असावीत असा माझा संशय आहे, पण ती हे कबूल करत नाहीत.

वहिनींचं कुलदैवत जेजुरीला, पण त्यांची खरी श्रद्धास्थानं युरोपात. पॅरिस-रुबे ही फरशांसारख्या दगडांच्या रस्त्यावरची शर्यत पुरुषांसाठी 1896 पासून चालू आहे. बायकांना ती मिळाली 2 ऑक्टोबर 2021 ला, आणि त्याच दिवशी पावसानं त्या दगडांवर असा राडा केला की घसरण्याला गणती राहिली नाही. इंग्लंडची लिझी डेग्नन ऐंशीहून अधिक किलोमीटर एकटी पुढं राहून जिंकली. हातमोजे नव्हते, तळहात सोलवटले, हँडलची पट्टी रक्तानं माखली. वहिनी हा व्हिडिओ आम्ही जेवताना लावतात. डच आनेमीक फान फ्ल्यूटन 2022 साली ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगला पावसात विश्वविजेती झाली. तीन दिवस आधी पडून तिचं कोपर मोडलं होतं. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे, कारण दादानं सर्दीसाठी रजा टाकायचं म्हटलं की वहिनी बाकी काही बोलत नाहीत. "कोपर," एवढंच म्हणतात.

परवा पौडहून ताम्हिणी गाठून परत यायची रेस होती. आदल्या रात्री हॉलमध्ये तयारी. टायरची हवा मुद्दाम कमी केली, कारण ओल्या डांबरावर जरा मऊ टायर नीट धरतो. हेल्मेटवर कुठल्याशा हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप चढली. उतारावरचा गार वारा छातीला लागू नये म्हणून जर्सीच्या आत वर्तमानपत्र. ही युक्तीही युरोपातलीच, फार जुनी. त्यासाठी रविवारची पुरवणी लागते, मुख्य अंक पातळ पडतो. परत आल्यावर शब्दकोडं ओलं होऊन निम्मं वहिनींच्या आतल्या बनियनवर उमटलेलं असतं आणि दादा उभे-आडवे शब्द बिचारा मोबाइलवर शोधत बसतो.

मी गाडी घेऊन मागं. पौडला नेहमीच्या मानानं चतकोर बायका उभ्या होत्या. वहिनींनी मोजलं आणि तोंडावरचा आनंद रेनकोटच्या कॉलरमध्ये लपवला.

शर्यत सुटली. पुढच्या सायकलीच्या मागं चिकटून गेलं की वारा लागत नाही, ताकद वाचते. पावसात मात्र तिच्या मागच्या चाकाचा चिखल थेट तोंडात येतो. वहिनी तोंड मिटून चिकटतात. बँकेत लोक त्यांना अबोल समजतात, ते यामुळं असेल. मुळशीच्या पुढं धबधब्याशी कणसं खात उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी माणुसकी दाखवली, "मॅडम, टेम्पोत घालू का सायकल?" त्याच वेळी मागच्या गाडीत दोघी बसल्या. वहिनी तिसऱ्या झाल्या.

परतीच्या उतारावर खरी गंमत. त्यांच्या सायकलीला जुन्या पद्धतीचे ब्रेक. दाबले तर रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग थांबायचं बघतं. पुढं 'हाय काकू'वाली होती. वळणावर तिचं चाक रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि पोरगी सायकलसकट गवतात. वहिनींना दुसरा नंबर समोर दिसत होता. त्या थांबल्या.

"लागलं?"

"नाही काकू."

"चेन?"

उतरली होती. सुन्न पडलेल्या बोटांनी दोघींनी ती चढवली. मग पोरीला मागं चिकटवून वहिनींनी पौडपर्यंत वारा स्वतःच्या छातीवर आणि पुरवणीवर घेतला. मध्येच आणखी एक जण दोघींना मागं टाकून गेली. शेवटच्या दोनशे मीटरला पोरगी वहिनींच्या मागून सुटली आणि तिसरी आली. वहिनी चौथ्या.

"अहो, तिला पडू द्यायचं होतं," मी म्हणालो. "तुमचाच सिद्धान्त."

"पडलेली चालत नाही, भाऊजी. आपणहून गाडीत बसली पाहिजे."

ताडपत्रीखाली बक्षीससमारंभ झाला. पुरुषांतल्या तिसऱ्याला रोख पैशांचं पाकीट. पोरीला इस्त्री. वहिनी चिखलासकट उठून आयोजकांसमोर गेल्या. बायकांच्या पहिल्या रुबेच्या वर्षी जिंकलेल्या बाईला 1,535 युरो आणि पुरुषाला 30,000, हे त्यांनी भजी थंड होईपर्यंत समजावून सांगितलं.

"मॅडम, तुमचा कितवा नंबर?"

"चौथा."

"मग तुम्हाला काय त्रास?"

"पुढच्या पावसात तिसरी येईन. घरात इस्त्री आहे."

आयोजक शेवटी हात जोडून म्हणाले, "पुढच्या वेळी बायकांना रोख, पुरुषांइतकंच. आणि आज पोरी पडल्या, बरं नाही वाटत. पुढची रेस डिसेंबरात घेऊ, मस्त हवेत."

टाळ्या पडल्या. वहिनींनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. गाडीत बसून बूट उलटे करून पाणी ओतलं आणि बराच वेळ काचेतून बघत राहिल्या.

"डिसेंबरात," त्या म्हणाल्या, "सगळ्याच येतील की हो!"